पॉलिमर-आधारित धारिता संवेदक : निवडक्षमतेच्या दाव्यांची चिकित्सा

बीजशब्द : धारिता, सापेक्ष आर्द्रता, रासायनिक बाष्प, निवडक्षमता, दूषण

प्रस्तावना :
आर्द्रता व रासायनिक बाष्पे ओळखणाऱ्या पॉलिमर-आधारित धारिता संवेदकांवरील लेखनात ‘निवडक्षमता’ हा शब्द सढळपणे वापरला जातो. ताज्या संवेदकाचा प्रतिसाद आलेखावर सरळ रेषेत आला, की तो केवळ आर्द्रतेसच संवेदनशील आहे असे मानले जाते. हा निष्कर्ष पुराव्याच्या पलीकडे जातो, हे प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले आहे.

तत्त्वातील संदिग्धता :
इलेक्ट्रोडांमधील पॉलिमरचा पातळ थर बाष्प शोषतो आणि धारिता बदलते. पॉलिइमाइडचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ३ ते ३.५, तर पाण्याचा २० अंश सेल्सिअसला सुमारे ८० असल्याने अल्पसे पाणीही मोजता येते. परंतु हा थर केवळ पाण्यासाठी राखीव नसतो. सेंद्रिय बाष्पेही त्यात विरघळतात. संवेदक धारितेचा एकच आकडा देतो. तो कोणत्या रेणूमुळे बदलला, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

उदाहरण पहिले : आरएस-८० रेडिओसाँड
फिनलंडमधील व्हैसाला कंपनीने १९७३ मध्ये पातळ पॉलिमर थराचा आर्द्रता संवेदक आणला. याच प्रकारचा संवेदक असलेले आरएस-८० रेडिओसाँड पश्चिम पॅसिफिकवरील टोगा-कोअर मोहिमेत (१९९२-९३) वापरले गेले. त्यांनी हवा प्रत्यक्षापेक्षा कोरडी दाखविली. २००२ मध्ये वांग व सहकाऱ्यांनी, ज्यांत कंपनीचे तज्ज्ञही होते, प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात रासायनिक दूषण हे प्रमुख कारण ठरले. वेष्टनातून निघणारी बाष्पे साठवणुकीच्या काळात पॉलिमरमध्ये शिरून पाण्याच्या रेणूंची जागा अडवीत होती. दुरुस्तीनंतर संवहनास उपलब्ध ऊर्जेचे अंदाज वाढले. म्हणजे संवेदकाच्या दोषाचा परिणाम उष्णकटिबंधीय वातावरणाच्या आकलनावर झाला होता. परके बाष्प येथे स्वतःचा संकेत न देता पाण्याचा संकेत घटवीत होते, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

उदाहरण दुसरे : थराच्या जाडीचा उपयोग
झुरिक येथील हिअरलेमान, बाल्टेस व सहकाऱ्यांनी धारितेसह तीन प्रकारचे संवेदक एकाच चिपवर आणले (२००१) आणि पुढे थराची जाडी हेच निवडीचे साधन केले (२००४). पातळ थरात पॉलिमर फुगल्याने धारिता वाढते. जाड थरात बाष्पाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक निर्णायक ठरतो. त्यामुळे इथेनॉल (सु. २४) आणि टोल्यूइन (सु. २.४) यांत भेद करता येतो. येथे निवडक्षमता गृहीत न धरता रचनेतून घडविली आहे, हे या कार्याचे श्रेय होय. तथापि, हा भेद ज्ञात बाष्पांपुरताच विश्वसनीय ठरतो. अज्ञात मिश्रणात तोच संकेत अनेक प्रमाणांतून उद्भवू शकतो.

निष्कर्ष :
महाविद्यालयीन प्रयोगशाळांत संपृक्त क्षार द्रावणांची पद्धत सोयीची आहे. २५ अंश सेल्सिअसला लिथियम क्लोराइड सुमारे ११ टक्के, तर सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता देते. या पद्धतीने संवेदनशीलता व हिस्टेरिसिस तपासता येतात. निवडक्षमता नव्हे, कारण बंद पात्रात पाण्याखेरीज दुसरे बाष्पच नसते. आरएस-८० मधील दोषही नव्या संवेदकाच्या अशा चाचणीत उघड झाला नसता. म्हणून निवडक्षमतेचा दावा करणाऱ्या शोधनिबंधात परक्या बाष्पांच्या उपस्थितीतील, त्यांच्या पूर्वसंपर्कानंतरच्या आणि दीर्घ साठवणुकीनंतरच्या मापनांची नोंद असणे आवश्यक आहे. ती नसल्यास ‘आर्द्रतेस संवेदनशील’ एवढेच म्हणणे शास्त्रीय प्रामाणिकपणास धरून होईल.