पडदा कोणाचा? कन्सोलमधल्या पार्श्वभूमीच्या आउटपुटविषयी

आज आपण एका अगदी छोट्या गोष्टीवर टीका करणार आहोत. पायथनचा कन्सोल उघडा. एक थ्रेड सुरू करून द्या, जो दर दोन सेकंदांनी एक ओळ छापतो. प्रॉम्प्ट लगेच परत मिळतो आणि तुम्ही पुढची आज्ञा टाइप करू लागता. अर्धी ओळ होते न होते तोच त्या थ्रेडचं वाक्य मधेच येऊन आदळतं. तुमची अर्धी आज्ञा, तिलाच चिकटलेलं त्याचं वाक्य, आणि कर्सर भलत्याच ठिकाणी. प्रॉम्प्ट गायब. आता एंटर दाबलं तर काय चालेल?

पडद्यावर दिसतं ते चालणार नाही. तुम्ही टाइप केलेली अक्षरं ओळ-संपादकाच्या बफरमध्ये जशीच्या तशी आहेत. बिघडला तो पडदा. चालणार एक, दिसतंय दुसरं. आज्ञा बेरजेची असेल तर हसून सोडून द्यावं. फायली पुसण्याची असेल तर काय करायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता बघा, पडद्यावर खोटं असं काहीच नाही. तुमची अक्षरं खरी, थ्रेडचं वाक्यही खरं. तरी वाचणारा चुकतो. आमच्या जुन्या विषयात याला नेमकं नाव आहे. शिंपल्याच्या जागी चांदी दिसते तेव्हा नक्की काय घडतं, यावर नैयायिक आणि मीमांसक यांचा मोठा वाद आहे. नैयायिक म्हणतो, एक वस्तू दुसरीच म्हणून दिसली. प्रभाकराच्या संप्रदायाचा मीमांसक म्हणतो, तसं नाही. ‘हे’ असं समोर प्रत्यक्ष दिसतंय, ‘चांदी’ आठवतेय, आणि दोन्ही ज्ञानं आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक एवढीच की दोहोंतला भेद लक्षात आला नाही. स्मृतीवरची ‘ही स्मृती आहे’ ही खूण गळून पडली. वादात कोण जिंकलं ते बाजूला ठेवू. कन्सोलचं दुखणं मात्र प्रभाकराच्या बाजूचं आहे. दोन प्रवाह, दोन्ही खरे, आणि कुठलं कोणाचं ही खूण गळालेली.

युनिक्सला हा प्रश्न लवकरच पडला होता. एक काम पुढे आणि बाकीची पार्श्वभूमीला ठेवायची सोय सी-शेलमध्ये आली, ती ऑस्ट्रियातल्या लाक्सेनबर्गच्या संस्थेत काम करणाऱ्या जे. ई. कल्प यांच्यामुळे. १९८०च्या सुमारास ती बर्कलीच्या युनिक्सबरोबर पसरली. तिच्यातला एक नियम आम्हाला फार बोलका वाटतो. पार्श्वभूमीतला प्रोग्राम टर्मिनलवरून वाचायला गेला, तर त्याला संकेत पाठवून जागच्या जागी थांबवतात. तोच प्रोग्राम टर्मिनलवर लिहायला गेला, तर बहुतेक यंत्रणांवर त्याला खुशाल लिहू देतात. लिहिणाऱ्यालाही थांबवायची सोय आहे, ‘एसटीटीवाय टोस्टॉप’ एवढं म्हटलं की झालं, पण ती मुळात बंद ठेवलेली असते.

वाचण्यावर पहारा का, ते उघड आहे. दोघे एकाच कीबोर्डवरून वाचू लागले तर अक्षरं वाटली जातील आणि कोणालाच पूर्ण शब्द मिळणार नाही. लिहिणं मात्र निरुपद्रवी धरलं. यंत्राच्या बाजूने ते निरुपद्रवी आहेही, कारण त्याचा एकही बाइट हरवत नाही. इथे आमचा पहिला आक्षेप आहे. पडद्यासमोर बसलेला माणूसही वाचतोच आहे! प्रोग्रामच्या वाचनाला संरक्षण दिलं, माणसाच्या वाचनाला नाही दिलं. गंमत म्हणजे शेलला शिष्टाचार कळतो. मागचं काम संपलं की बॅश मधेच ओरडत नाही. पुढचा प्रॉम्प्ट दाखवायच्या आधी हळूच सांगतो. स्वतःच्या निरोपाला थांबवतो, मुलाच्या निरोपाला मात्र मोकळं सोडतो.

यावर उपाय निघाले नाहीत असं नाही. आयपायथनने २०१६ साली, पाचव्या आवृत्तीपासून, रीडलाइन सोडून प्रॉम्प्ट-टूलकिट घेतलं. त्यात अशी सोय आहे की मागून काही आलं तर प्रॉम्प्ट क्षणभर पुसायचा, आलेली ओळ त्याच्या वर छापायची, आणि प्रॉम्प्ट तुमच्या अर्ध्या आज्ञेसकट खाली पुन्हा काढायचा. छानच आहे. पडदा आणि बफर पुन्हा एक झाले. पण कोण बोललं? चार थ्रेड असतील तर चौघांच्या ओळी वर नीट, सुबक आणि निनावी मांडलेल्या दिसतात. आधी गोंधळ तरी डोळ्यांना कळत होता. आता तो सरळ ओळीत उभा आहे. लॉगिंगमध्ये प्रत्येक ओळीपुढे थ्रेडचं नाव छापता येतं, पण ‘प्रिंट’ लिहिणारा तेवढे कष्ट का घेईल? आम्ही तरी त्याला दोष देणार नाही. ही खूण कन्सोलने लावायची.

लिस्पवाल्यांचं स्लाइम दुसऱ्या टोकाला जातं. इतर थ्रेडचं आउटपुट मुळात वेगळ्याच बफरमध्ये टाकतं. समोरचा पडदा स्वच्छ राहतो, आणि नवशिक्याला वाटतं आपला थ्रेड मुका झाला.

या सगळ्यांत अर्लांगचा विचार आम्हाला जास्त खोल वाटतो. तिथे प्रत्येक प्रोसेसला एक ‘ग्रुप लीडर’ असतो. तो तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसकडून वारशाने येतो आणि आउटपुट त्याच्याकडे जातं. दूरच्या यंत्रावर प्रोसेस सुरू केलीत तरी तिचं बोलणं तुमच्या टर्मिनलवर परत येतं. कुठे बोललास याला महत्त्व नाही, कोणी पाठवलं याला आहे. अर्थात कूळ म्हणजे नाव नव्हे. एकाच घरातल्या चौघांतला कोण बोलला, ते तरीही विचारावंच लागतं.

ज्युपिटरकडे तर कागदोपत्री हे कूळ आधीपासून आहे. त्याच्या संदेशांच्या नियमांत प्रत्येक आउटपुटबरोबर ‘पॅरंट हेडर’ जातं, म्हणजे हे कुठल्या विनंतीतून जन्मलं त्याची नोंद. पण कर्नलमध्ये ‘सध्याचा पॅरंट’ वर्षानुवर्षं सगळ्यांसाठी एकच होता. तिसऱ्या सेलमधून सुरू केलेला थ्रेड, तुम्ही नववा सेल चालवलात की नवव्याखाली बोलू लागायचा. खूण गळाली, एवढ्यावरच भागलं नाही. चुकीची खूण लागली. निनावी पत्रापेक्षा खोट्या सहीचं पत्र वाईट, कारण त्यावर कोणी शंका घेत नाही.

आणि इथे टर्मिनल आणि नोटबुक यांत मोठा फरक पडतो. टर्मिनलवरचा गोंधळ वर सरकतो आणि जातो. नोटबुकची फाइल जतन होते, आणि तिच्यात आउटपुट त्या-त्या सेलच्या पोटातच लिहिलेलं असतं. सहा महिन्यांनी दुसरा कोणी ती उघडतो. थ्रेड केव्हाच संपलेला आहे. नवव्या सेलमध्ये एक सूत्र, त्याच्याखाली तिसऱ्या सेलचा आकडा. तो आकडा उचलून तो आपल्या निबंधात घालतो.