पाळलं नाही तर जायचं कुठं? : अकोला कराराचं एक वाचन



नवा स्वतंत्र झालेला देश आपली राज्यव्यवस्था कशी ठरवतो, हा आजचा विषय. हा विषय निघाला की आपण थेट दिल्ली गाठतो. घटना समिती, डॉ. आंबेडकरांचा मसुदा, संसदीय पद्धत की अध्यक्षीय पद्धत. ते सगळं महत्त्वाचंच आहे. पण आज मी तुम्हाला आधी अकोल्याला नेणार आहे. तारीख ८ ऑगस्ट १९४७. स्वातंत्र्याला अजून सात दिवस बाकी होते, आणि त्या दिवशी अकोल्यात एक करार झाला. तो आपण आठवणीत ठेवतो राजकीय तक्रारीचा दाखला म्हणून. मी तो वाचणार आहे राज्यव्यवस्थेचा आराखडा म्हणून. त्यासोबत १९५३ चा नागपूर करार आणि संविधानातलं कलम ३७१(२) हेही घेणार आहे. तिन्ही कागदांना प्रश्न एकच विचारायचा : यात लिहिलेलं पाळलं गेलं नाही, तर माणसानं जायचं कुठं?

आधी अकोल्यालाच घाई का झाली ते बघू. वऱ्हाडची स्थिती विचित्र होती. १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे. १९०२ मध्ये कायमचा पट्टा, वर्षाला २५ लाख रुपये. पण कागदावर सार्वभौमत्व निजामाचंच. १९३५ च्या कायद्यानंही ते मान्य केलं होतं, आणि निजामाच्या वारसाला तर 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब होता. म्हणजे इंग्रज निघाले की वऱ्हाड नेमकं कोणाचं, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या माणसाला पुस्तकी नव्हता. दुसरीकडे संयुक्त महाराष्ट्राची मागणी आणि महाविदर्भाची मागणी समोरासमोर उभ्या होत्या. दोन्ही बाजूंनी एकत्र बसणं भाग होतं.

अकोला करारानं काय सुचवलं? एक संयुक्त महाराष्ट्र प्रांत, त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत. दोन्ही उपप्रांतांना वेगळी विधिमंडळं, वेगळी मंत्रिमंडळं, आणि वर राज्यपाल एक. हे जमलंच नाही, तर महाविदर्भाचा वेगळा प्रांत करण्याचा प्रयत्न करायचा.

आता बघा, ही मागण्यांची यादी नाही. 'आम्हाला इतका निधी द्या, इतक्या नोकऱ्या द्या' असं इथं म्हटलेलं नाही. निर्णय कोण घेणार आणि तो कोणाला उत्तर देणार, हे म्हटलं आहे. पाळलं नाही तर जायचं कुठं? आपल्याच विधिमंडळात. मंत्र्याला तिथं उभं करायचं, नाही पटलं तर पाडायचं. तीन कागदांत रचनेच्या दृष्टीनं हाच सर्वांत पक्का, असं माझं मत आहे.

त्यात अडचणी नव्हत्या असं नाही. एका प्रांतात दोन मंत्रिमंडळं, मग मुंबईचा महसूल कोणाचा? दोघांत वाद झाला तर तोडायचा कोणी? हे चालवणं सोपं नव्हतं. पण मोठी अडचण वेगळीच होती. बृजलाल बियाणी आणि पंजाबराव देशमुख ही आपली माणसं घटना समितीत होती. तरी संविधान तयार झालं तेव्हा त्यात 'उपप्रांत' नावाची जागाच नव्हती. राज्य म्हटलं की एक विधिमंडळ, एक मंत्रिमंडळ.

घटना समितीची बाजूही समजून घेतली पाहिजे. फाळणी झालेली, संस्थानं विलीन व्हायची होती, देश एकसंध राहतो की नाही ही धास्ती होती. डिसेंबर १९४८ मध्ये दार आयोगानं भाषावार प्रांतांनाच नकार दिला. मग प्रांताच्या पोटात प्रांत कोण ऐकून घेणार? पण त्याच समितीनं आसामच्या डोंगरी भागासाठी सहाव्या अनुसूचीत स्वायत्त जिल्हा परिषदा लिहिल्या. म्हणजे राज्याच्या पोटात अधिकार असलेली संस्था उभी करणं तिला माहीत होतं. वऱ्हाडसाठी ते झालं नाही, एवढंच.

दुसरा कागद, २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर यांच्यासारख्यांच्या सह्यांचा. यात उपप्रांत गेला. त्याच्या जागी काय आलं? लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या, नागपूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ, दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला.

या कलमांचे दोन ढीग करा. खंडपीठ आणि अधिवेशन, या संस्था आहेत. खंडपीठ आजही आहे. अधिवेशन २०२० आणि २०२१ मध्ये नागपूरला झालं नाही, तर लगेच सगळ्यांना दिसलं, बोंब झाली. दुसरा ढीग प्रमाणांचा. ते पाळलं की नाही हे मोजणारं कोणी करारात नेमलंच नव्हतं. मोजायला १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांची समिती बसवावी लागली. तीस वर्षांनी! तिच्या १९८४ च्या अहवालानं 'अनुशेष' हा शब्द घराघरात नेला. वचन देणारे अप्रामाणिक होते, असं मी म्हणत नाही. वचनाला घर नव्हतं.

आणि राजेहो, एक आपल्या घरातलंही बोलतो. खंडपीठ नागपूरला, अधिवेशन नागपूरला. अमरावती-अकोल्याच्या वाट्याला आलं ते प्रमाणाचं वचन. अकोल्याला कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये आलं, तेही आंदोलनानंतर. अमरावतीचं विद्यापीठ १९८३ चं. ही दोन्ही टिकली, कारण ती कायद्यानं उभी आहेत.

तिसरा कागद, कलम ३७१(२). १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलेलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं, निधीचं न्याय्य वाटप, राज्यपालांवर विशेष जबाबदारी. वाचायला भक्कम. पण क्रियापद बघा : राष्ट्रपतींना अशी तरतूद 'करता येईल'. करावीच लागेल असं नाही. त्या 'करता येईल'चं 'केलं' व्हायला १९९४ उजाडलं. अडतीस वर्षं! मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला, पण तो रस्ताही त्याच 'करता येईल'मधून जातो.

म्हणजे अकोल्याला होती रचना, नागपूरला झालं वचन, आणि संविधानात उरली परवानगी.

हे फक्त आपलंच रडगाणं नाही. २० फेब्रुवारी १९५६ ला आंध्र आणि तेलंगणाच्या नेत्यांतही असाच सज्जनांचा करार झाला. तिथंही वचनं मोडल्याची तक्रार वाढत गेली, आणि २०१४ मध्ये राज्यच वेगळं झालं. सह्या करणारे गेले की करार पोरका होतो.

कोणी म्हणेल, मग नुसतं 'करील' लिहिलं की झालं का? नाही. कलम ४० मध्ये राज्य ग्रामपंचायती उभारील असंच लिहिलं होतं. पण ते मार्गदर्शक तत्त्व, त्यासाठी न्यायालयात जाता येत नव्हतं. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींच्या निवडणुका दर पाच वर्षांनी बंधनकारक केल्या, वेगळा निवडणूक आयोग दिला. तरी २०२२ पासून आपल्या राज्यात किती जिल्हा परिषदा, महापालिका प्रशासकांच्या हाती राहिल्या, हे इथं बसलेल्यांना सांगायला नको. पण फरक हा, की त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जाता आलं, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला. उशीर झाला. पण दार होतं, म्हणून ठोठावता आलं. विकास मंडळांसाठी कलमात असं बंधनच लिहिलेलं नाही.

विदर्भ वेगळा हवा की नको, यावर या सभागृहात दोन मतं असतील, असू द्या. वेगळा झाला तरी अमरावती विभागाचा हाच प्रश्न नव्या राजधानीपुढं उभा राहणार आहे. म्हणून उद्या कोणताही पक्ष, कोणताही नेता वऱ्हाडला काही लिहून द्यायला आला, तर आकडा नंतर बघा. आधी विचारा : मोजणार कोण, कधी मोजणार, आणि पाळलं नाही तर आम्ही जायचं कुठं? याचं उत्तर कागदावर नसेल, तर सही करू नका.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.