खेळातले इस्म आणि फ़ेल

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीकडे गेले होते. कॉलेजात शिकणारा भाचा संगणकावर खेळत बसला होता. मला पाहून म्हणाला, "खाला, ये देखो, कराची." खेळ होता 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २', २००९ सालचा. त्यातले गोळीबाराचे एक मैदान कराचीच्या नावाचे आहे. भाच्याचे लक्ष बंदुकीकडे होते, माझे दुकानांच्या पाट्यांकडे गेले. उर्दू शाळेत मुलांना अलिफ-बे शिकवणाऱ्या बाईची नजर दुसरीकडे कुठे जाणार! पाट्या अरबीत होत्या. पे, टे, चे, डाल, गाफ ही अक्षरे अरबीत नाहीत. त्यांच्याशिवाय कराचीच्या बाजारातली साधी पानाची टपरीसुद्धा उभी राहणार नाही. मी हे दाखवले, तेव्हा भाचा हसून म्हणाला, "क्या फ़र्क़ पड़ता है? वहाँ पढ़ता कौन है?"

त्या उत्तरात त्याची चूक नव्हती. खेळ बनवणाऱ्यांनीही हाच विचार केला असणार. तिथे कोणी वाचायला जाणार नाही, गोळ्या झाडायलाच जाणार. पण मला राहवले नाही. आपल्या मोहल्ल्यात या खेळांविषयी दोनच मते ऐकू येतात. एक, ही वेळेची बरबादी आहे, मुले बिघडतात. दुसरे, निदान पोरगा घरात तरी बसतो. दोन्ही मते देणाऱ्यांनी खेळ खेळलेला नसतो. कादंबरी न वाचता तिच्यावर लिहिणाऱ्याला आपण समीक्षक म्हणत नाही. मग खेळाला वेगळा न्याय का? म्हणून त्या सुट्टीत आणि पुढच्या अनेक रविवारी मी खेळले. इथे लिहिते आहे ते खेळून झाल्यावर.

मोजायचे कशाने, हा पहिला प्रश्न होता. बी.एड.ला असताना पाठ टाचणात उद्दिष्ट लिहिताना आमच्या मॅडम नाम खपवून घेत नसत. 'अकबराचा काळ' असे लिहिले की लाल शाई. विद्यार्थी ओळखतो, तुलना करतो, कारण सांगतो, असे क्रियापदच हवे. मुलाने काय पाहिले यापेक्षा त्याने काय केले, यावरून शिक्षण ठरते. उर्दू व्याकरणात नामाला इस्म म्हणतात आणि क्रियापदाला फ़ेल. (पोरे यावर पास-फेलचा विनोद दरवर्षी करतातच.) मला वाटते, खेळाचे परीक्षणही याच दोन अंगांनी व्हावे. पडद्यावर जे दिसते ते खेळाचे इस्म. बोटांना जे करायला मिळते तो फ़ेल. सिनेमात इस्म पुष्कळसे निभावून नेते. खेळात मात्र फ़ेलच खरे बोलतो.

सुरुवात केली जुन्या ओळखीच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'पासून. तालुक्याच्या कंप्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की आम्ही मुली हाच खेळ लावायचो. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ मध्ये अॅपल टू या संगणकासाठी बनवला. आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने चित्रण केले आणि एकेक चौकट पाहून राजपुत्राची हालचाल रेखाटली. त्यामुळे त्या इवल्या आकृतीला वजन आहे. ती कठड्याला बोटांनी लोंबकळते, तेव्हा आपलेच खांदे दुखतात. तळघरातून सुटून राजकन्येपर्यंत पोहोचायला साठ मिनिटे मिळतात.

याचे इस्म अगदीच उसने आहे. दुष्ट वजीर जाफर, कैदेतली राजकन्या, टोकदार कमानी, म्हणजे पाश्चात्त्यांच्या गोष्टींच्या पुस्तकातले पूर्वेकडचे राज्य. राजकन्येला वाट पाहण्याशिवाय काम नाही. एकदा ती मदतीला एक उंदीर पाठवते, तेवढेच. पण फ़ेल? वाटेत एक आरसा येतो. त्यातून उडी मारली की राजपुत्राची सावली सुटी होते आणि पुढे त्याच्याच वाटेत अडथळे आणते. शेवटी ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला वार केला की आपलेच आयुष्य कमी होते. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि तिच्या दिशेने चालत जायचे. दोघे एक होतात. शाळकरी वयात हे मला कोणी सांगितले नव्हते. चार-पाच वेळा मरून ते बोटांनीच शोधले. सगळा खेळ तलवार चालवायला शिकवतो आणि सर्वांत मोठी लढत ती आत ठेवून जिंकायला लावतो. नफ़्सवरची कितीतरी प्रवचने मी ऐकली आहेत, त्यांतली फार थोडी इतकी पक्की लक्षात राहिली.

या कसोटीवर कराचीचे मैदान दोन्ही बाजूंनी नापास होते. इस्म खोटे आणि फ़ेल एकच. हालचाल चपळ आहे, आवाज अचूक आहेत, मित्रांबरोबर खेळताना रंग चढतो, हे मी नाकारत नाही. पण ज्या शहरात लाखो माणसे रोज नोकरीला, बाजाराला, शाळेला जातात, ते शहर इथे फक्त आडोसे म्हणून उभे आहे.

मग वळले बगदादकडे. 'असॅसिन्स क्रीड : मिराज' ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. युबिसॉफ्टच्या फ्रान्समधल्या बोर्दो शाखेने तो बनवला. काळ हिजरीचे तिसरे, म्हणजे इसवीचे नववे शतक. खलिफा मन्सूरने ७६२ मध्ये पायाभरणी केलेले गोल नगर इथे पुन्हा उभे आहे. १२५८ मध्ये हुलागूच्या फौजांनी बगदाद उद्ध्वस्त केले. त्या गोल नगराचे आज जमिनीवर काही उरलेले नाही. खजुराची झाडे, कालवे, कागदाची दुकाने आणि जागोजागी मांजरे. संवाद अरबीत ऐकण्याची सोय आहे, मी तसेच ऐकले. पहिल्या संध्याकाळी मी काहीही खेळले नाही, नुसती गल्ल्यांतून हिंडले. डोळे भरून आले हे कबूल करते. शाळेच्या पुस्तकात ज्या शहराला दोन ओळी मिळतात, ते माझ्या पायाखाली होते. आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटली. इथे नायक मुसलमान, खलनायक मुसलमान, चौकीदार, विद्वान आणि भुरटे चोरही मुसलमान. कोणालाही सगळ्या कौमच्या वतीने जाब द्यावा लागत नाही. आपल्याला पडद्यावर हा साधेपणा फार कमी वेळा लाभतो.

पण इस्म इतके श्रीमंत असताना फ़ेल पाहा. बासिमला काय करता येते? भिंती चढणे, लपणे, खिसे कापणे, मागून जाऊन मारणे. बैतुल हिकमामध्ये मी थरथरत पाऊल ठेवले. तिथे अल-जाहिज भेटतो, प्राण्यांवर 'किताबुल हयवान' लिहिणारा तोच. तो हरवलेले ग्रंथ शोधून आणायला सांगतो. मी गच्च्यांवरून उड्या मारत ते आणून दिले. पण बसून वाचायचे बटण कुठेच नाही. मांजराला कुरवाळता येते, ग्रंथाचे पान उलटता येत नाही! इतिहासाच्या टिपा आहेत, चांगल्या आहेत, सोबत संग्रहालयांतली चित्रेही आहेत. पण त्या खेळाबाहेर खिळ्याला टांगल्यासारख्या. न वाचता खेळ पुरा होतो. जगातल्या ग्रंथांचा तर्जुमा ज्या शहराने केला, त्या शहरात तर्जुमा हा फ़ेल नाही. माझे वीस तास गेले. त्यांतला पहिला तास मी जपून ठेवीन. उरलेल्यांत एकच धडा मी घोकत होते.

मग फ़ेल बदलला तर काय होते? त्यासाठी 'धिस वॉर ऑफ माइन' पाहावा. पोलंडच्या इलेव्हन बिट स्टुडिओजचा हा खेळ २०१४ मधला. गाव काल्पनिक, पण मागे साराजेव्होचा १९९२ ते १९९६ चा वेढा आहे. इथे आपण सैनिक नाही, वेढ्यात अडकलेली साधी माणसे. दिवसा चूल पेटवायची, पाणी गाळायचे. रात्री पडक्या घरांतून अन्न, औषधे शोधायची. २०२० मध्ये पोलंड सरकारने तो शाळांच्या शिफारस केलेल्या साहित्याच्या यादीत घेण्याची घोषणा केली. शिक्षिका म्हणून मला याचा हेवा वाटला.

दोष त्याच्यातही आहेत. दुःख इथे पायऱ्यांनी मोजले जाते. माणूस उदास, मग खचलेला, मग मोडलेला. ती गणिते कळली की दुसऱ्या खेपेला माणसांऐवजी हिशेबाची वही दिसू लागते. शिवाय अंधार इतका दाट की आमच्या घरात कठीण दिवसांतही चालणारी थट्टा-मस्करी तिथे जवळजवळ नाही.

तरी हा खेळ मी भाच्याला दिला. एका रात्री त्याचा माणूस एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात शिरला. म्हातारा गयावया करत मागे फिरत होता. भाच्याने औषधे, खाणे, सगळे उचलले. सकाळी त्याचा माणूस खाली बसला. काम सांगावे तर त्याचा जीव कशात लागेना. भाच्याने बराच वेळ बटणे दाबली. मग संगणक बंद केला आणि म्हणाला, "खाला, ये गेम अच्छा नहीं है."

इतक्या खेळांत एवढा वेळ तो कोणाविषयी गप्प बसलेला मी पाहिला नव्हता. मी वाद घातला नाही, चहा ठेवायला उठले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच घरापाशी गेला होता. या वेळी दार न उघडता परत फिरला.