जठरातील जंतू आणि हृदयविकार : आरोप सिद्ध झाला का?

'पोटातील जंतूंमुळे हृदयविकार होतो' असे विधान अधूनमधून वाचायला मिळते. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते सिद्ध झालेले नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे. या दोहोंतला फरक वर्गात समजावून देण्याजोगा आहे.

जठरव्रण काळजीमुळे व तिखटामुळे होतो, असे पूर्वी डॉक्टरही मानत. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरन व मार्शल यांनी रुग्णांच्या जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू प्रयोगशाळेत वाढवला. १९८४ मध्ये मार्शल स्वतः तो प्याले आणि त्यांना जठरदाह झाला. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जीवाणू युरिएज या विकराने युरियाचे विघटन करतो. त्यातून निघणारा अमोनिया भोवतालचे आम्ल उदासीन करतो, म्हणून तो जठरात वर्षानुवर्षे टिकतो. असा दीर्घकाळचा दाह रक्तवाहिन्यांनाही बाधत असेल, हा तर्क त्यातूनच पुढे आला.

तर्काची परीक्षा झाली. ब्रिटनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुण वयात हृदयविकाराचा झटका आलेले १,१२२ रुग्ण आणि तेवढ्याच इतर व्यक्ती होत्या. रुग्णांपैकी ४२ टक्के, तर इतरांपैकी २४ टक्के लोकांच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. बातमी येथेच थांबते. अभ्यास मात्र थांबला नाही. धूम्रपान व आर्थिक स्थिती हिशेबात घेताच फरक कमी झाला. भावंडांची भावंडांशी तुलना केली, तेव्हा तो इतका उरला की योगायोगापासून वेगळा काढता येईना.

असे का व्हावे? हा संसर्ग बहुधा बालपणी, दाटीवाटीच्या घरात होतो. गरिबीत वाढलेल्यांना हृदयविकाराचा धोकाही अधिक असतो. जुलैत ठाणे-कल्याण पट्ट्यात छत्र्यांचा खप वाढतो आणि लोकलही रखडतात. म्हणून छत्र्यांनी गाड्या अडवल्या असे कोणी म्हणत नाही. दोहोंमागे पाऊस आहे. येथे जंतू आणि हृदयविकार या दोहोंमागे बालपणीची परिस्थिती असू शकते. दुसऱ्या एका जीवाणूवरही असाच आरोप होता. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे चार हजार हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर प्रतिजैविक दिले, तरी हृदयविकाराचे प्रसंग कमी झाले नाहीत.

जठर आणि हृदयरोग यांचा एक दुवा मात्र खरा आहे. अनेक हृदयरुग्ण ॲस्पिरिन घेतात आणि जंतू असलेल्या जठरात त्यामुळे रक्तस्रावाची भीती वाढते. याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. 'हृदयासाठी' म्हणून दुकानातून प्रतिजैविके आणून घेतल्यास जंतू त्यांना दाद देईनासे होतात.

याहून मोठा धोका उलट दिशेने आहे. डोंबिवलीहून सकाळची गाडी धरणाऱ्या माणसाच्या छातीत जळजळते, घाम फुटतो. 'ॲसिडिटी असेल' म्हणून तो गोळी चघळत डब्यात शिरतो. तो हृदयविकाराचा झटका असेल तर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हे नववी-दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक हवे. शिक्षकांनी वरील आकडे फळ्यावर लिहून 'आणखी काय विचारायला हवे?' असा प्रश्न टाकावा, आणि तास संपण्यापूर्वी हा क्रमांकही लिहून द्यावा.