मोटारीतली वीज : सोय खरी, हिशेब अपुरा

डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बर्फाच्या भाराने विजेच्या तारा तुटल्या. तेव्हा एका गृहस्थांनी आपल्या प्रियस या हायब्रिड मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडला आणि तीन दिवस घरातला फ्रीज, टीव्ही व दिवे चालवले. पेट्रोल लागले सुमारे पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर. ही हकीकत बरीच गाजली. मात्र ती सांगताना विज्ञानाचा भाग बहुधा गाळला जातो.

पहिला प्रश्न असा, की ही वीज आली कोठून? 'बॅटरीतून' हे उत्तर अपुरे आहे. त्या काळच्या प्रियसच्या मुख्य बॅटरीची क्षमता सुमारे १.३ किलोवॅट-तास, म्हणजे १.३ युनिट होती. घराचा सरासरी भार २५० वॅट धरला, तर ती पूर्ण रिकामी केली तरी पाच तासच पुरेल. खरा साठा पेट्रोलचा. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते, ती भरते आणि थांबते. साधे जनित्र भार कमी असला तरी अखंड धडधडत राहते. हायब्रिडची खरी सरशी येथे आहे.

दुसरा प्रश्न कार्यक्षमतेचा. २५० वॅटने ७२ तासांत १८ युनिटे होतात. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिटे ऊर्जा असते. म्हणजे १९ लिटरांत १७१. घरात पोचली जेमतेम दहा टक्के! उरलेली उष्णतेच्या रूपाने आणि मोटारीच्या स्वतःच्या यंत्रणेत खर्ची पडली. अडचणीच्या वेळी हा सौदा मान्य. पण त्याला 'स्वस्त वीज' म्हणणे चूक.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर. मोटार शांत उभी दिसते, म्हणून ती बंद गॅरेजमध्ये ठेवण्याचा मोह होतो. इंजिन मात्र मध्यरात्रीही सुरू होईल, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तसेच चेंजओव्हर स्विच न बसवता ही वीज घराच्या वायरिंगमध्ये सोडली, तर ती उलट वाहिनीत शिरते व रोहित्रातून उच्च दाबाची होऊन खांबावरच्या कामगाराचा जीव घेऊ शकते.

याउलट जपानमधील एस्टिमा हायब्रिडमध्ये १०० व्होल्ट, १५०० वॅटची सोय कारखान्यातूनच होती. मार्च २०११ च्या भूकंपानंतर ती उपयोगी पडली आणि पुढे प्रियसलाही मिळाली. येथे जुगाड नाही, आखणी आहे.

शिक्षकांनी ही हकीकत वर्गात जरूर सांगावी, पण वॅट आणि वॅट-तास यांतला फरक विद्यार्थ्यांकडून फळ्यावर मांडून घ्यावा. १२ व्होल्टवर १००० वॅट घेताना तारेतून किती प्रवाह वाहील, हेही विचारावे. ८३ अँपिअर हे उत्तर आले, की तार जाड का हवी हे वेगळे सांगावे लागणार नाही.