वऱ्हाडांतील इतिहासमंडळांचे उत्सव आणि पोथीवाचन

अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील लहान गांवीं इतिहासमंडळें जे कार्यक्रम करितात, त्यांचे साधारणतः चार प्रकार आढळतात : व्याख्यान, दुर्गयात्रा, प्रदर्शन आणि लिपिवर्ग. पहिल्या तिहींस गर्दी लोटते. चौथ्याची जाहिरात होते, पण दुसऱ्या महिन्यास तो बंद पडतो. आमच्या मतें मंडळाच्या कार्याची परीक्षा या चौथ्या प्रकारावरूनच झाली पाहिजे. हें मत कित्येकांस कठोर वाटेल, म्हणून त्याचीं कारणें देतों.

प्रथम व्याख्यानें घ्यावीं. २९ नोव्हेंबर १८०३ ची अडगांवची लढाई, १५ डिसेंबरचा गाविलगडचा पाडाव आणि १७ डिसेंबरचा देवगांवचा तह यांवर वारंवार भाषणें होतात. विषय थोर आहेत यांत शंका नाहीं. परंतु वक्त्याचा सर्व आधार म्हणजे बहुधा १९१० व १९११ सालचीं जिल्हा-गॅझेटियरें. त्याच गांवांत देशमुख-देशपांड्यांच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल बांधलेले असतात. त्यांतला एकहि कागद सभेपुढें येत नाहीं. श्रोते जें ऐकून आलेले असतात, तेंच पुन्हा ऐकून घरीं जातात.

प्रदर्शनाची गोष्ट याहून शोचनीय आहे. एका तालुक्याच्या गांवीं भरलेल्या प्रदर्शनांत आम्हीं एक महानुभावीय पोथी पाहिली. तीवर हळदकुंकू व फुलें वाहिलेलीं होतीं, आणि खालीं ‘प्राचीन पोथी’ एवढीच चिठी होती. पत्रसंख्या, लेखनशक, पुष्पिका, पोथी कोणाच्या घरची, यांपैकीं कांहींच नोंदलेलें नव्हतें. पोथी सकळ लिपींत होती, आणि ती उलटी ठेवलेली होती. चालकांच्या हें ध्यानीं आलें नाहीं. आम्हीं दाखविलें तेव्हां ते ओशाळले. जुने लेखक पोथीच्या शेवटीं, तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून हिचें रक्षण करा, अशी विनवणी करीत. ती विनवणी वाचणारा मनुष्यच तेथें नव्हता.

वऱ्हाडांत याहून चांगला मार्ग पूर्वीं घालून दिलेला आहे. रायबहादूर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ सालीं नागपुराहून प्रसिद्ध केली. ती संस्कृत-प्राकृतापुरतीच असल्यामुळें मराठी पोथ्या तींत आल्या नाहींत, हें तिचें न्यून. तथापि आज ना उद्या नष्ट होणाऱ्या संग्रहांची नोंद तींत राहिली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांतील अध्यापक प्रा. हिरालाल जैन (हे निराळे) यांनीं कारंजा येथील जैन भांडारांतील पोथ्या अभ्यासून १९३२ पासूनच्या दोनतीन वर्षांत ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश ग्रंथ छापून दिले.

यवतमाळच्या शारदाश्रमाचें उदाहरण तर लहान गांवच्या मंडळांनीं भिंतीवर लिहून ठेवण्यासारखें आहे. य. खु. देशपांडे यांचें ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ सालीं निघालें. पुढें १९३९ सालीं वाशीमचा ताम्रपट उजेडांत आला. तो एका स्थानिक शास्त्र्याच्या दृष्टीस पडला, आणि देशपांडे व द. ब. महाजन यांनीं त्याचें वाचन त्याच वर्षीं भारतीय इतिहास परिषदेपुढें मांडलें. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा, म्हणजे वाशीमची शाखा, तेव्हांपासून निश्चित झाली. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील झिजलेल्या लेखांत सर्वसेनाचें नांव ओळखतां आलें, तेंहि या ताम्रपटामुळें. यांत मिरवणूक नव्हती. वाचूं शकणारीं माणसें होतीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, उत्सवावांचून लोकांत आवड उत्पन्न होत नाहीं. आक्षेप खरा आहे. पोथीचा मालक सभेंत श्रोता म्हणूनच येतो, आणि उत्सवामुळेंच त्याच्या घराचें दार उघडतें. पण दार उघडल्यावर आंत जाणारा कोणी नसेल, तर उघडून उपयोग काय? शिवाय मालकाच्या मनांत भय असतें कीं, मंडळ पोथी घेऊन जाईल. तें भय अनाठायीं म्हणवत नाहीं. पोथी घरींच राहावी, तिची प्रतिमा घ्यावी आणि यादीची एक प्रत मालकाच्या हातीं द्यावी, एवढें केल्यास बहुतेक घरें मोकळीं होतील.

आमची सूचना थोडकी आहे. प्रत्येक मंडळानें वर्षांत एकच लिपिवर्ग चालवावा. विद्यार्थी पांच असले तरी चालतील. अकोल्याकडे मोडी आणि ऋद्धिपूर परिसरांत सकळ लिपि शिकवावी. वर्गाची परीक्षा प्रश्नपत्रिकेनें घेऊं नये. एका घरचा एक रुमाल उलगडून त्याची यादी करणें हीच परीक्षा. व्याख्यान त्या यादीवर व्हावें, आणि प्रदर्शनहि त्या यादींतूनच मांडावें. म्हणजे चारी कार्यक्रम एकमेकांस पूरक होतील.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि रिद्धपूर येथें मराठी भाषेचें विद्यापीठ उभें राहिलें. या गोष्टी आनंदाच्या आहेत. परंतु विद्यापीठ गांवोगांवच्या माळ्यांवर चढणार नाहीं. तें काम गांवच्या मंडळाचें. वाळवीला मानपत्रें वाचतां येत नाहींत, आणि ती पुढील उत्सवाची वाटहि पाहात नाहीं. पुढील वर्षींच्या प्रदर्शनांत ती महानुभावीय पोथी सुलट ठेवलेली आणि तिची पुष्पिका खालीं स्वच्छ अक्षरांत उतरलेली दिसली, तर मंडळाचें वर्ष सार्थकीं लागलें असें आम्हीं समजूं.