सर्व्हरवरील स्थानिक व दूरस्थ प्रवेश आणि देवनागरी अक्षर

सर्व्हर हाताळण्याचे दोन मार्ग सांगितले जातात : यंत्रास जोडलेल्या पडद्यापुढे बसून स्थानिक, आणि जाळ्यावरून दूरस्थ. या दोहोंत अंतराखेरीज भेद नाही, आज्ञा त्याच व उत्तरेही तीच, असे अध्यापनात बहुधा गृहीत धरतात. मराठी सामग्री हाताळणाऱ्यास हे गृहीतक मान्य करता येत नाही.

स्थलनामांच्या संग्रहातील 'स्वारगेट' हे नाव घ्या. (त्याची व्युत्पत्ती येथे प्रस्तुत नाही.) वाचकाच्या लेखी त्यात ४ अक्षरे आहेत, युनिकोडच्या लेखी ८ चिन्हे, यूटीएफ-८ मध्ये साठविल्यास २४ बाइट. सर्व्हर केवळ बाइट ओळखतो. लिनक्सच्या मजकुरी कन्सोलवर एका वेळी फार तर ५१२ चिन्हाकृती भरता येतात आणि जोडाक्षर घडविण्याची सोय तेथे नाही. सबब यंत्राशेजारी बसलेल्यास 'स्वा' धड दिसत नाही. एसएसएचच्या द्वारे दुरून येणाऱ्यास मात्र तो दिसू शकतो. कारण एसएसएच बाइटच वाहून नेते, आकृती घडविते ते वाचकाच्या मेजावरील टर्मिनल.

हे मर्म जिस्ट तंत्रज्ञानाने पूर्वीच ओळखले होते. आयआयटी कानपूर येथे आरंभ होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या या तंत्रज्ञानाने अक्षरघडणीचे काम जिस्ट कार्ड व जिस्ट टर्मिनल यांकडे सोपविले. आजची अनेक टर्मिनले मात्र प्रत्येक चिन्हास ठराविक रुंदीचा रकाना देण्याच्या रोमन सवयीतच अडकलेली आहेत. ही पीछेहाटच म्हटली पाहिजे.

प्रश्न केवळ शोभेचा नाही. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात टाटू इलोनेन यांनी एसएसएच रचले ते परवलीचे शब्द वाटेत चोरले जात म्हणून. वाटेवरील चोरीस त्याने आळा बसला. डोळ्यांच्या फसगतीस नव्हे. 'गुऱ्हाळ' यातील चंद्रकोरी रेफ दोन प्रकारे लिहिता येतो : 'ऱ' या स्वतंत्र चिन्हाने, किंवा 'र', हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर रूप एकच. सर्व्हरच्या लेखी फाइली दोन. युनिकोडचे सामान्यीकरणही त्यांस एक करीत नाही. आमच्या हातून जुनी प्रत पुसताना नवी पुसली गेली, ती अशीच. आणि शब्दसंग्राहकाचे कित्येक दिवसांचे काम गेले. तेव्हापासून आम्ही यादीत फाइलीचा आयनोड क्रमांक मागवितो व पुसणे त्या क्रमांकानेच करतो.